हात जुना, फोन नवा

परदेशात असलेली मुले सुट्टीला घरी येतात, तेव्हा आई-बाबांसाठी आयफोन आणतात; कधी कोरा करकरीत, कधी स्वतःचा वापरलेला. सात-आठ वर्षे अँड्रॉइड फोनवर रुळलेल्या आई-बाबांच्या हातात तो कौतुकाने ठेवला जातो. दोन संध्याकाळी शिकवणी होते, मुले परत जातात आणि मग खरी पंचाईत सुरू होते. मागे जायचे बटण सापडत नाही. आलेला फोन घ्यायला जावे तर कटतो. मराठी लिहायला जावे तर अक्षरे भलतीकडेच. चार दिवसांनी वाक्य ठरलेले असते : ‘राहू दे, आमचं आता वय झालं.’

उलट्या दिशेनेही हेच घडते. आयफोन सोडून अँड्रॉइड घेणारा पस्तिशीतला नोकरदारही पहिले पंधरा दिवस वैतागलेला असतो. फरक एवढाच, की तो फोनला शिव्या घालतो आणि सत्तरीतला माणूस स्वतःला दोष देतो. अनेकदा घरातले लोकही त्या दोषाला मान डोलावतात. दोष कुणाचा, हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. औषधाच्या वेळेचा गजर, डॉक्टरांचा नंबर, तपासण्यांचे अहवाल, रुग्णवाहिका बोलावण्याची सोय हे सगळे आज फोनमध्येच असते. फोन परका झाला की यातले बरेच काही नकळत हातातून सुटते.

सुरुवात मेंदूपासून करू. आपली स्मृती एकसंध नसते. ‘पानिपतची लढाई १७६१ साली झाली’ ही एक प्रकारची आठवण. ‘सायकल चालवता येणे’ ही दुसऱ्या प्रकारची. हा भेद वैद्यकशास्त्राला स्पष्ट दिसला तो हेन्री मोलेसन या अमेरिकी रुग्णामुळे. अपस्माराच्या झटक्यांवर उपाय म्हणून १९५३ मध्ये त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस आणि आसपासचा काही भाग काढण्यात आला. त्यानंतर त्यांना नव्या घटना लक्षात ठेवता येईनात. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्यांना आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला दिली. लागोपाठ तीन दिवस सराव केल्यावर त्यांचा हात सुधारत गेला, पण हे काम आपण पूर्वी केले आहे याची त्यांना अजिबात आठवण नव्हती. म्हणजे हाताचे कसब मेंदू वेगळ्या वाटेने शिकतो आणि वेगळ्या ठिकाणी साठवतो. मेंदूच्या तळाशी असलेली बेसल गँग्लिया आणि लहान मेंदू यांचा त्यात मोठा वाटा असतो.

फोन वापरणे हे बरेचसे या दुसऱ्या प्रकारचे ज्ञान आहे. रोज वापरणाऱ्याला ‘तुम्ही मागे कसे जाता?’ असे विचारले, तर तो क्षणभर थांबतो आणि अंगठा हवेत हलवून पाहतो. उत्तर डोक्याआधी अंगठ्याला ठाऊक असते. बहुतेक अँड्रॉइड फोनवर मागे जायला खालचे बटण दाबतात, नाहीतर पडद्याच्या डाव्या किंवा उजव्या कडेवरून आत बोट सरकवतात. आयफोनवर पारंपरिक रीत म्हणजे डाव्या कडेवरून बोट सरकवणे किंवा वरच्या डाव्या कोपऱ्यातला बाण दाबणे. उजव्या हाताच्या अंगठ्याने उजव्या कडेवरून मागे जाणाऱ्या माणसाचा हात दिवसातून शेकडो वेळा त्याच कडेला जातो आणि काहीच घडत नाही. आयफोनचे बटण २०१७ च्या ‘आयफोन टेन’पासून जाऊ लागले, तेव्हा त्याच कंपनीचे जुने ग्राहकही असेच रिकाम्या जागी अंगठा दाबत होते.

अडचण नवे शिकण्यात कमी आणि जुने न विसरण्यात जास्त आहे. मानसशास्त्रात याला जुन्या शिक्षणाचा अडथळा म्हणतात. ज्याला मुळात काहीच येत नाही, त्याला हा अडथळा नसतो. मराठी टंकलेखकांनी हा अनुभव घेतलेला आहे. टाइपरायटरवर वर्षानुवर्षे वेग कमावलेल्या माणसाला संगणकावर इनस्क्रिप्ट मांडणी दिली, की नवशिक्यापेक्षा त्याचीच जास्त तारांबळ उडते. अमेरिकेत गाडी चालवू लागलेला भारतीय माणूस वळताना इंडिकेटरऐवजी वायपर सुरू करतो, तेही याच कारणाने.

‘समजावून सांगितलं, तरी परत तेच!’ ही मुलांची तक्रार इथेच फोल ठरते. डेस्टिन सँडलिन या अमेरिकी अभियंत्याने हँडल उजवीकडे वळवले की चाक डावीकडे वळेल अशी सायकल चालवून पाहिली. युक्ती त्याला पहिल्याच मिनिटाला समजली होती. सायकल चालवता यायला आठ महिने लागले. त्याच्या लहान मुलाला दोन आठवडे पुरले. समजणे आणि जमणे यांत अंतर असते, आणि जुनी सवय जितकी पक्की तितके ते वाढते. वीस मिनिटांच्या शिकवणीत आईला समजले असेलही. जमायला तिला महिना लागणार आहे.

वयाचा वाटा अर्थातच आहे. उतारवयात मेंदूची माहिती हाताळण्याची गती मंदावते आणि नवे हस्तकौशल्य बसायला अधिक आवर्तने लागतात. जवळचे दिसणे कमी होते, बोटांची त्वचा कोरडी पडते, हाताला कंप असू शकतो. बोट पडद्यावर थोडे जास्त रेंगाळले की फोन त्याला साधा स्पर्श न मानता ‘दाबून धरणे’ मानतो आणि भलतीच यादी उघडतो. बाबांना वाटते आपले चुकले. प्रत्यक्षात फोनची अपेक्षा तरुण बोटाची असते. हा वेळ वाढवण्याची सोय दोन्ही प्रकारच्या फोनमध्ये आहे, पण ती सेटिंगच्या पोटात इतकी खोल दडलेली असते, की जिला गरज आहे तीच व्यक्ती तिथवर पोहोचत नाही.

एक गैरसमज इथेच दूर केला पाहिजे. नवा फोन जमेना, म्हणून ‘बाबांना विसर पडायला लागला का?’ अशी कुजबुज घरात सुरू होते. केवळ नव्या, अपरिचित यंत्रापुढे अडखळणे हे स्मृतिभ्रंशाचे लक्षण नव्हे. काळजी करावी ती सवयीचे काम जमेनासे झाले तर : वर्षानुवर्षे वापरलेल्याच फोनवर नंबर लावता येईना, नेहमीच्या चहाचा क्रम चुकू लागला, ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकली. असे असेल तर फोन बदललेला असो वा नसो, डॉक्टरांना दाखवायलाच हवे. फोन बदलल्यामुळे कधीकधी उलटा घोटाळाही होतो. खरी लक्षणे ‘नव्या फोनमुळे होतंय’ म्हणून झाकली जातात.

फोन बदलताना फोटो येतात, संपर्क येतात, २०२२ पासून अँड्रॉइडवरून आयफोनवर व्हॉट्सॲपचे संवादही नेता येतात. दुकानदार ‘सगळं आलं’ असे सांगून फोन हातात देतो, पण आरोग्याशी संबंधित गोष्टी या ‘सगळ्या’त बहुतेकदा नसतात. औषधांचे गजर नव्याने लावावे लागतात. रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधे ही आपत्कालीन माहिती आयफोनच्या ‘हेल्थ’ ॲपमधील मेडिकल आयडीत पुन्हा भरावी लागते. अपघातात बेशुद्ध पडलेल्या माणसाचा फोन न उघडताही ती वाचता येते, पण भरलेली असेल तरच. पावलांच्या, झोपेच्या, रक्तदाबाच्या नोंदी एका कंपनीच्या ॲपमधून दुसऱ्या कंपनीच्या ॲपमध्ये आपोआप जात नाहीत.

जोडलेल्या उपकरणांचे तर विचारूच नका. ॲपलचे घड्याळ आयफोनशिवाय चालत नाही. सॅमसंगची २०२१ पासूनची घड्याळे आयफोनला जोडता येत नाहीत. आई पडली तर मुलाला कळावे म्हणून घेतलेले घड्याळ फोन बदलल्यावर नुसते वेळ दाखवणारे होऊन बसते. काही श्रवणयंत्रे एका प्रणालीवर फोनचा आवाज थेट कानात देतात, दुसरीवर देत नाहीत. साखर मोजणारे काही सेन्सर ज्या फोनने सुरू केले, त्याच फोनशी बांधलेले असतात. आणि संकटात मदत मागण्याची खूणही वेगळी. मोबाइलमध्ये आपत्कालीन बटणाची सोय हवी, असा नियम केंद्र सरकारने २०१६ मध्ये केला आणि ११२ हा क्रमांक देशभरासाठी आला. तरी भारतात आयफोनवर बाजूचे बटण लागोपाठ तीनदा दाबायचे असते, तर अनेक अँड्रॉइड फोनवर पाच वेळा. छातीत कळ आलेल्या माणसाचे बोट जुन्या सवयीनेच चालणार.

दोष माणसाला द्यायचा की यंत्राला, हा वाद वैद्यकाने फार पूर्वी सोडवला आहे. एके काळी भूल देण्याच्या काही यंत्रांत खुंटी घड्याळाच्या दिशेने फिरवली की भुलीचे औषध वाढे, तर दुसऱ्या बनावटीच्या यंत्रांत तीच खुंटी त्याच दिशेने फिरवली की कमी होई. तज्ज्ञ डॉक्टर एका शस्त्रक्रियागृहातून दुसऱ्यात गेला की धोका उभा. तेव्हा ‘डॉक्टरांनी नीट लक्ष द्यावे’ असे म्हणून विषय संपवला गेला नाही. यंत्रांची रचना एकसारखी करण्यात आली. भूलतज्ज्ञाला जी सवलत मिळाली, ती मधुमेही आजोबांना का मिळू नये?

यावर कंपन्यांचे उत्तर तयार असते. सगळे फोन एकसारखे केले तर नवे काही घडणारच नाही. मुद्दा मान्य. दिसणे, वेग, कॅमेरा यात हवी तेवढी स्पर्धा करावी. पण मदत मागण्याची खूण, आपत्कालीन माहिती, औषधांचे गजर आणि आरोग्याच्या नोंदी ही स्पर्धेची जागा नव्हे. गाड्या शेकडो तऱ्हेच्या असतात, तरी ब्रेकचे पॅडल सगळीकडे ॲक्सिलरेटरच्या डावीकडेच असते. ग्राहकाने फोन बदलू नये यासाठी अडचण मुद्दाम ठेवली जाते का, अशी शंका येण्याइतके हे प्रश्न जुने आहेत. पहिला आयफोन २००७ चा आणि पहिला अँड्रॉइड फोन २००८ चा. एवढ्या काळात गजर एका फोनमधून दुसऱ्यात नेणे अवघड राहू नये.

कायद्याने हे होऊ शकते, याचा पुरावा आपल्याच खिशात आहे. कंपनी बदलली तरी मोबाइल नंबर तोच राहण्याची सोय भारतभर जानेवारी २०११ मध्ये सुरू झाली. त्याआधी तीही अशक्य कोटीतली वाटे. युरोपीय संघाने मोठ्या कंपन्यांवर ग्राहकाची माहिती विनाशुल्क दुसरीकडे नेऊ देण्याचे बंधन घातले आहे. आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या २०१९ च्या विधेयकात असा हक्क होता. २०२३ मध्ये संमत झालेल्या कायद्यात तो उरला नाही. निदान आरोग्याच्या माहितीपुरता तरी तो परत यायला हवा.

कायदा येईल तेव्हा येईल, घरात काय करता येईल ते पाहू. पहिला प्रश्न : फोन बदलण्याची खरोखर गरज आहे का? जुना फोन बिघडला असेल, तर त्याच प्रणालीचा नवा घेणे ही ज्येष्ठांसाठी बहुतेकदा सर्वांत मोठी भेट असते. बदलायचाच असेल, तर महिनाभर जुना फोन चालू आणि चार्ज केलेला राहू द्या. श्रवणयंत्र, घड्याळ, ग्लुकोमीटर नव्या फोनशी जुळते का, हे खरेदीआधी विचारा. पहिल्या दिवशी फोटो नंतर पाहा. आधी अक्षरे मोठी करा, गजर लावा, आपत्कालीन माहिती भरा, मदतीची खूण सेटिंगमध्ये तपासा. आयफोनमध्ये २०२३ पासून ‘असिस्टिव्ह ॲक्सेस’ आणि सॅमसंगमध्ये ‘इझी मोड’ अशा सोप्या पडद्याच्या सोयी आहेत, त्या दाखवा आणि आवडतात का ते त्यांनाच ठरवू द्या.

मग शिकवणी, पण थोडी थोडी. ब्रिटनमधील टपाल कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवताना केलेल्या एका अभ्यासात (१९७८) रोज एक तास शिकणाऱ्यांना रोज चार तास शिकणाऱ्यांपेक्षा एकूण कमी तास लागले. गंमत म्हणजे समाधानी मात्र तेच कमी होते, कारण दिवसांच्या हिशेबात आपण मागे पडतोय असे त्यांना वाटे. सरावाच्या मध्ये मिळणारी विश्रांती आणि झोप कसब पक्के करते. म्हणून सुट्टीच्या शेवटच्या रात्री तीन तास बसण्यापेक्षा रोज व्हिडिओ कॉलवर दहा मिनिटे, एका दिवशी एकच गोष्ट, हे अधिक उपयोगी.

आणि सर्वांत महत्त्वाचे, ‘दे इकडे, मी करून देतो’ म्हणून फोन ओढून घेऊ नका. त्यात सराव तुमच्या बोटांचा होतो, त्यांच्या नाही. तीनदा चुकू द्या, चौथ्यांदा जमू द्या. ज्या हातांनी तुम्हाला चमच्याने जेवायला, पेन्सिल धरायला शिकवले, त्यांनी तेव्हा आवर्तने मोजली नव्हती.