खलियाचा पाठ आणि मराठीचे मौन

एखाद्या शहराच्या साहित्याचा विचार करताना आपण तिथली बोली, जात, स्थलांतर यांची दखल घेतो. चुलीची मात्र क्वचितच. औरंगाबाद, म्हणजे २०२३ पासूनचे छत्रपती संभाजीनगर, म्हटले की नान-खलियाचे नाव निघते. पण ते पर्यटकांसाठीच्या माहितीपत्रकात निघावे तसे, दोन ओळींपुरते. या पदार्थाकडे एक संहिता म्हणून पाहिले, तर मराठी लेखनाने काय वगळले आहे ते स्पष्ट दिसते, असे मला वाटते.

आधी आख्यायिका. मुहम्मद तुघलकाने १३२७ साली राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा त्याच्या लष्करासाठी देगेत खलिया आणि भट्टीत नान तयार होऊ लागली, असे सांगतात. यात तथ्य असेलही. पण खलियाला तिखटपणा आणि लाली देणारी मिरची भारतात आली ती पोर्तुगिजांच्या मागोमाग, सोळाव्या शतकात. मलिक अंबराने खडकी वसवली ती १६१० साली. ‘आईन-ए-अकबरी’तील पदार्थांच्या यादीत ‘कलिया’ हे नाव दमपुख्त, दोप्याजा यांच्या शेजारी येते. म्हणजे आपल्या ताटात पडतो तो तुघलकाचा पदार्थ नव्हे. प्रक्षेपांसह वाढत गेलेली ती एक पोथी आहे. लोकगीताला एकच कर्ता शोधणे जितके निष्फळ, तितकाच खलियाचा ‘मूळ पाठ’ शोधणेही.

घरी खलिया करून पाहणाऱ्याला हे पाठभेद लगेच कळतात. कुणी सुके खोबरे भाजून वाटतो, कुणी त्यात तीळ किंवा खसखस घालतो, कुणाचा भर दह्यावर असतो. कांदा तांबूस होईपर्यंत परतणे, आले-लसूण, हळद, धने, तिखट आणि मंद आच ही मात्र सर्वांची समान भूमी. जनावराच्या नळीचे किंवा खांद्याचे मांस चिवट असते, कारण त्यात संयोजी ऊती पुष्कळ. दोन-तीन तास संथ उकळीवर राहिले, की त्या ऊती विरघळून रश्श्याला दाटपणा येतो आणि वाटणातले तेल सुटून वर तर्री जमते. कुकरमध्ये मांस लवकर मऊ होते हे खरे. पण बंद भांड्यातले पाणी फारसे आटत नाही आणि रस्सा पातळच राहतो. म्हणून शेवटी झाकण काढून त्याला वेळ द्यावाच लागतो. स्वस्त, कष्टाने शिजणारे मांस चवदार करण्याची ही युक्ती जगभरच्या गरीब घरांना ठाऊक आहे.

प्रश्न असा, की हे मांस कोणते? मराठीत लिहिताना आपण बिनदिक्कत ‘मटण’ लिहून मोकळे होतो. जुन्या शहरात बोलताना मात्र शब्द वेगळे असतात : दखनीत ‘बडे का’, मराठीत ‘मोठ्याचे’. १९९५ सालच्या प्राणिरक्षण दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि गायीबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीवरही महाराष्ट्रात बंदी आली. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली. राज्याबाहेर कापलेल्या जनावराचे मांस बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम मात्र रद्द केले. म्हशीचे मांस या बंदीबाहेर आहे, आणि आज ‘बडे का’ म्हणजे तेच. कायद्याने जनावर बदलले. लेखनातला संकोच त्याहून जुना आहे.

लक्ष्मीबाई धुरंधरांच्या ‘गृहिणी-मित्र’मध्ये (१९१०) सामिष पाककृती मोकळेपणाने येतात. पुढे ‘रुचिरा’ (१९७०) घरोघर पोचली, आणि तिच्यातले प्रामुख्याने ब्राह्मणी स्वयंपाकघर हेच ‘मराठी स्वयंपाकघर’ मानले गेले. मराठवाड्यातील दलितांच्या अन्नाची सविस्तर नोंद होण्यासाठी शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ची (२०१५) वाट पाहावी लागली. वाळवलेल्या मांसाच्या चान्या तिथे पुस्तकाच्या पानावर सन्मानाने आल्या.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. डॉ. आंबेडकरांनी १९२७ साली महाडला मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले होते. मग या अन्नाचा गौरव कशासाठी? पण लादलेले अन्न नाकारणे ही एक गोष्ट आणि त्याचा इतिहास पुसणे ही दुसरी. शिवाय खलियाची परंपरा निराळी आहे : ते लग्नाच्या पंगतीचे, दावतीचे अन्न आहे. दोन्हींना एकाच ‘निषिद्ध’ खान्यात टाकणारी दृष्टी आपली आहे, त्या अन्नाची नव्हे.

गुलमंडीचे नावच पाहा : ‘गुल’ फारसी, ‘मंडी’ हिंदी, आणि बाजाराच्या मध्यावर सुपारी हनुमानाचे देऊळ. इथे मराठी आणि दखनी शेजारी शेजारी नांदतात, तरी आपल्या साहित्यात दखनी बहुधा विनोदापुरतीच येते. याच शहरातून ‘अस्मितादर्श’ने मराठी वाङ्मयाचा परीघ रुंदावला. आता इथल्या विद्यापीठातील मराठीच्या विद्यार्थ्यांनी घरोघरच्या खलियाचे पाठ, सांगणाऱ्या बाईच्याच शब्दांत, ‘बडे का’ला ‘बडे का’च म्हणत, उतरवून घ्यावेत. बोलीच्या अभ्यासाला याहून जिवंत सामग्री मिळणार नाही; आणि ‘मराठी माणूस काय खातो’ या प्रश्नाचे उत्तर तरी थोडे प्रामाणिक होईल.