सत्तर टक्के ब्लॉकेज आणि दहा मिनिटांत सही

आज जरा स्पष्ट लिहिणार आहे. माझ्या काही हृदयरोगतज्ज्ञ मित्रांना ते आवडणार नाही, पण त्यांच्यापैकीच काहींनी खासगीत मला हेच बोलून दाखवलेलं आहे.

मुद्दा असा. एखाद्याला हार्ट अटॅक आलेला नाही. चढावर चालताना किंवा दोन जिने चढल्यावर छातीत भरून येतं, थांबलं की चार-पाच मिनिटांत जातं, आणि हे गेले कित्येक महिने असंच चालू आहे. याला आम्ही स्थिर अँजायना म्हणतो. अशा रुग्णाला चांगल्या औषधोपचाराच्या जोडीला स्टेंट घातला, तर त्याचं आयुष्य वाढतं किंवा त्याचा मृत्यू टळतो, हे मोठमोठे अभ्यास करूनही दिसून आलेलं नाही. ही गोष्ट २००७ पासून छापून आलेली आहे. तरीही कॅथ लॅबच्या दाराबाहेर नातेवाइकांना आजही तेच वाक्य ऐकवलं जातं: "सत्तर टक्के ब्लॉकेज आहे, टाइम बॉम्ब घेऊन फिरताहेत, टेबलवरच आहेत तर आत्ताच करून टाकू, इथे सही करा." आणि कुणी विचार करायला वेळ मागितला की पुढचं वाक्य येतं, "न्या घरी, पण तुमच्या जबाबदारीवर."

हे वाक्य मला मान्य नाही.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट ठणकावून सांगतो, कारण अर्धा लेख वाचून कुणी घरी बसून राहायला नको. बसल्या जागी छातीत दाब किंवा आवळल्यासारखं होतंय, दरदरून घाम फुटलाय, दुखणं डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत उतरतंय, मधुमेही माणसाला अचानक दम लागलाय, किंवा नेहमीचा अँजायना दोन आठवड्यांत एकदम वाढलाय, तर हा लेख तुमच्यासाठी नाही. १०८ ला फोन करा, किंवा मिळेल त्या गाडीने ईसीजी आणि उपचाराची सोय असलेल्या रुग्णालयात जा. हार्ट अटॅकमध्ये बंद झालेली रोहिणी लवकरात लवकर उघडली की जीव वाचतो. तिथे अँजिओप्लास्टी हा उत्तम उपचार आहे, आणि कॅथ लॅब लांब असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. त्या वेळी माझे लेख वाचत बसू नका आणि ॲसिडिटीची गोळीही घेत बसू नका.

आता स्थिर दुखण्याकडे येऊ. इथे सगळा घोळ नळाच्या उपमेने केलेला आहे. हृदयाची रक्तवाहिनी म्हणजे नळ, त्यात गाळ साचला, नळ साफ केला की पाणी सुरू. ऐकायला सोपं आहे, म्हणून सगळ्यांना पटतं. प्रत्यक्षात चरबीचा थर रक्तवाहिनीच्या भिंतीच्या आत तयार होतो, त्यावर एक पापुद्रा असतो. अटॅक बहुतेक वेळा येतो तो हा पापुद्रा फाटल्याने. फाटलेल्या जागी रक्ताची गुठळी होते आणि काही मिनिटांत वाहिनी बंद पडते. कोणता पापुद्रा फाटेल हे तो थर किती अरुंद जागा सोडतो एवढ्यावर ठरत नाही. कित्येक अटॅक आधी तीस-चाळीस टक्केच दिसलेल्या जागी येतात. म्हणजे तुम्ही सत्तर टक्क्यांच्या एका जागी दोन-अडीच सेंटिमीटरची जाळी बसवली, तरी बाकी सगळ्या रक्तवाहिन्यांमधले थर होते तसेच आहेत. त्या सगळ्यांवर एकाच वेळी काम करतं ते औषध. पण सीडीवर दिसतं ते फक्त अरुंद ठिकाण, आणि पाहणाऱ्याचा हात आपोआप तिकडे जातो. अमेरिकेतल्या एरिक टोपोल आणि स्टीव्हन निसेन या दोन हृदयरोगतज्ज्ञांनी १९९५ मध्येच या सवयीवर बोट ठेवलं होतं: डोळ्याला अडथळा दिसला की हाताने तो उघडायचाच, गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय उडतो तसा.

पुरावा काय आहे ते पाहू. २००७ मध्ये 'करेज' नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिका आणि कॅनडातले २२८७ रुग्ण, स्थिर हृदयविकार असलेले. निम्म्यांना औषधं, निम्म्यांना औषधं अधिक अँजिओप्लास्टी. साडेचार वर्षांनंतर मृत्यू किंवा अटॅक यांचं प्रमाण अँजिओप्लास्टीच्या गटात १९ टक्के, नुसत्या औषधांच्या गटात साडेअठरा. त्यावर बराच आरडाओरडा झाला. स्टेंट जुन्या पद्धतीचे होते, आधी अँजिओग्राफी पाहून सौम्य रुग्णच निवडले, वगैरे. यातले काही आक्षेप रास्त होते. म्हणून ३७ देशांतल्या ३२० केंद्रांत, त्यात भारतातलीही रुग्णालयं होती, ५१७९ रुग्णांवर 'इस्किमिया' हा अभ्यास झाला. यातल्या रुग्णांच्या चाचण्यांत हृदयाच्या मोठ्या भागाला रक्त कमी पडतंय हे दिसलेलं होतं, आणि कोणी कोणत्या गटात जायचं ते अँजिओग्राफीच्या आधीच चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. स्टेंट नव्या जमान्याचे, गरज तिथे बायपास. निष्कर्ष २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर झाले. सुमारे सव्वातीन वर्षांत अँजिओग्राफी करून स्टेंट किंवा बायपास करण्याच्या गटात १४५ मृत्यू, औषधांच्या गटात १४४.

एकशे पंचेचाळीस आणि एकशे चव्वेचाळीस. हे आकडे प्रत्येक कॅथ लॅबच्या बाहेर लावले पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं.

पुढच्या वर्षांतली माहितीही लपवत नाही. सुमारे सात वर्षांपर्यंत पाठपुरावा केल्यावर हृदयविकाराने झालेले मृत्यू पहिल्या गटात थोडे कमी दिसले, पण इतर कारणांचे मृत्यू थोडे जास्त दिसले, आणि एकूण मृत्यूंत फरक पडलाच नाही. अटॅकचंही तसंच. सुरुवातीला प्रोसिजरमुळेच होणारे अटॅक स्टेंट-बायपासच्या गटात जास्त, नंतर आपोआप येणारे कमी. औषधांच्या गटातल्या साधारण पाचातल्या एकाला पुढे त्रास वाढल्याने स्टेंट किंवा बायपास करावं लागलं. उरलेल्या चौघांना त्या काळात लागलंच नाही. माझं म्हणणं एवढंच, की ही निवड शांतपणे करायला वेळ असतो. टेबलवर झोपवून दहा मिनिटांत करण्याची ती नव्हे.

मग स्टेंटचा काहीच उपयोग नाही का? आहे. आणि इथे दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही चार शब्द सुनवायचे आहेत. अँजायनाचा त्रास स्टेंटने कमी होतो. पण तो किती कमी होतो, आणि त्यात "आपल्यावर काहीतरी मोठं केलं" या भावनेचा वाटा किती, हे कळणं फार अवघड होतं. १९५० च्या दशकात छातीच्या आतली एक धमनी बांधायची शस्त्रक्रिया अँजायनासाठी जोरात होती आणि रुग्णांना बरंही वाटायचं. १९५९ मध्ये लेनर्ड कॉब आणि सहकाऱ्यांनी १७ रुग्णांपैकी काहींवर नुसता चामडीला छेद देऊन टाके घातले. त्यांनाही तेवढंच बरं वाटलं. ती शस्त्रक्रिया मागे पडली. अँजिओप्लास्टीवर मात्र अशी परीक्षा व्हायला, झुरिकमध्ये १९७७ साली आंद्रेआस ग्रुंटझिगने पहिली अँजिओप्लास्टी केल्यापासून तब्बल चाळीस वर्षं लागली. लंडनच्या डॉ. रशा अल-लामी यांच्या गटाने २०१७ मध्ये 'ऑर्बिटा' हा अभ्यास केला. एकाच रक्तवाहिनीत सत्तर टक्के किंवा अधिक अडथळा असलेले २०० रुग्ण. सहा आठवडे औषधं नीट लावली. मग सगळ्यांना कॅथ लॅबमध्ये नेलं, गुंगी दिली, कानात गाणी लावली. निम्म्यांना स्टेंट घातला, निम्म्यांना नाही, आणि कुणालाच सांगितलं नाही. ट्रेडमिलवर चालण्याचा वेळ स्टेंटवाल्यांचा २८ सेकंदांनी वाढला, न घातलेल्यांचा १२ सेकंदांनी. मधला फरक योगायोगाचा असू शकतो इतका लहान.

यावरून "स्टेंट म्हणजे फ्रॉड" असे मेसेज फिरले. पण त्याच गटाने २०२३ मध्ये 'ऑर्बिटा-२' केला, ३०१ रुग्णांवर, या वेळी अँजायनाची औषधं बंद ठेवून. त्यात स्टेंटने त्रास खरोखर कमी झाला. बारा आठवड्यांनी स्टेंटवाल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोकांना अँजायना उरला नव्हता, खोट्या प्रोसिजरच्या गटात १५ टक्के. हे दोन्ही आकडे पुन्हा वाचा. फायदा नक्की आहे, आणि स्टेंट घालूनही निम्म्याहून जास्त लोकांचं दुखणं पूर्ण गेलं नाही, हेही नक्की आहे.

म्हणजे स्थिर रुग्णाला प्रामाणिकपणे सांगायचं ते असं: "काका, औषधं नीट घेऊनही तुम्हाला दूध आणायला जाताना छातीत भरतंय ना? मग स्टेंटने त्रास कमी व्हायची चांगली शक्यता आहे. आयुष्य वाढेल असं मी सांगू शकत नाही. औषधं दोन्हीकडे घ्यावीच लागतील." याला दोन मिनिटं लागतात. आणि ज्याला काहीच त्रास नाही, कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये स्ट्रेस टेस्ट थोडी गडबडली म्हणून जो थेट अँजिओग्राफीला पोहोचला, त्याचा कोणता त्रास आपण कमी करणार आहोत?

सगळे डॉक्टर पैशासाठी करतात असं मी म्हणत नाही. पण पैसा कुठे आहे ते न पाहणंही भोळेपणाचं आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने औषध लावलेल्या स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर बांधली. त्याआधी त्याच प्रकारच्या स्टेंटचे लाखाच्या वर घेतले जात होते. किंमत उतरली, पण एकूण पॅकेजचा आकडा त्या मानाने किती उतरला हे ज्यांनी बिल भरलंय त्यांना विचारा. अर्धा तास बसून औषधं समजावण्याला, तंबाखू सोडवण्याला कोणतंच पॅकेज नाही. त्यात नातेवाइकांची भीती. "काही झालं तर लोक काय म्हणतील, मुलाने पैसे वाचवले?" या एका विचारापायी किती जणांनी घर गहाण टाकलंय!

एका प्रकारच्या रुग्णाबद्दल जास्त चिंता वाटते. मधुमेही, तीन रक्तवाहिन्यांत अडथळे, आणि "ऑपरेशन नको, चार स्टेंटमध्ये काम होईल" असं सांगितलेलं. मधुमेह आणि एकाहून जास्त रक्तवाहिन्यांत आजार असलेल्या १९०० रुग्णांच्या 'फ्रीडम' अभ्यासात, २०१२ मध्ये, पाच वर्षांतले मृत्यू स्टेंटच्या गटात १६ टक्क्यांच्या वर होते, बायपासच्या गटात ११ च्या आसपास. पक्षाघाताचा धोका बायपासला जास्त होता, तोही सांगायला हवा. पण अशा माणसाच्या अँजिओग्राफीनंतर टेबलवरच स्टेंट घालणं मला अजिबात पटत नाही. त्याची सीडी सर्जनने पाहिलीच पाहिजे. डावीकडच्या मुख्य रोहिणीत मोठा अडथळा असेल किंवा हृदयाचं पंपिंग फार कमी असेल, तर हिशोब वेगळा आहे. असे रुग्ण 'इस्किमिया'त घेतलेच नव्हते, तेव्हा त्यांनी त्या आकड्यांवर विसंबू नये.

"म्हणजे नुसत्या गोळ्याच ना, डॉक्टर?" हा 'नुसत्या' शब्द मला फार खटकतो. १९९४ मध्ये ४४४४ हृदयरुग्णांवर स्टॅटिनचा पहिला मोठा अभ्यास झाला. पाचेक वर्षांत साध्या गोळीच्या गटात २५६ मृत्यू, स्टॅटिनच्या गटात १८२. स्थिर दुखण्यात कोणत्याही स्टेंटने असा आकडा दाखवलेला नाही. आणि नेमकी हीच गोळी लोक यूट्यूब पाहून बंद करतात! बीपी १५० च्या वर, सकाळी मशेरी, रात्री सिगारेट, साखर कधी तपासलेली नाही, आणि 'औषधाने काही होत नाही' असं म्हणायचं. ते औषध नीट घेतलंच कुठे? ब्लॉकेज वितळवण्याच्या सलाइनवरही पैसे घालवू नका. चिलेशन नावाच्या त्या उपचाराची आधी अटॅक येऊन गेलेल्या मधुमेही रुग्णांवर पुन्हा नीट परीक्षा झाली, निष्कर्ष २०२४ मध्ये आला, फायदा दिसला नाही.

अँजिओग्राफीला जाण्याआधीच्या दिवशी डॉक्टरांना शांतपणे विचारा: मला अटॅक आलाय की दुखणं स्थिर आहे? अडथळा सापडला तर तुम्ही त्याच वेळी स्टेंट घालणार आहात का, की सीडी घेऊन आपण दोन दिवसांनी बोलू शकतो? औषधांचा पूर्ण प्रयत्न झालाय का? स्टेंटने माझं काय बदलेल, त्रास की आयुष्य? 'स्थिर दुखणं असेल तर फक्त अँजिओग्राफी, पुढचं चर्चेनंतर' असं संमतिपत्रावर आपल्या हाताने लिहायचा तुम्हाला हक्क आहे. विचारलेलं ज्या डॉक्टरांना आवडत नाही, त्यांच्याकडून दुसरं मत घ्यायला सीडी मागून घ्या.

आणि ज्यांना आधीच स्टेंट बसलाय, त्यांनी हे वाचून खंतावू नये. मुख्य म्हणजे गोळ्या बंद करू नयेत. रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या ठरवून दिलेल्या महिन्यांच्या आधी स्वतःच्या मनाने सोडल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते, आणि ती जिवावर बेतते. दात काढायचा असेल, मोतीबिंदूचं ऑपरेशन असेल, तरी आधी ज्यांनी स्टेंट घातला त्यांना फोन करा.