दुकान कुणाच्या घामावर, कुणाच्या नावावर?



१९४७ च्या फाळणीत अख्खा सिंध पाकिस्तानात गेला. तिथून आलेल्या हिंदू कुटुंबांना आपले म्हणावे असे राज्यच उरले नाही. कल्याणजवळच्या, महायुद्धकाळातल्या लष्करी बराकींत हजारोंनी संसार मांडले. १९४९ मध्ये त्याच छावणीचे उल्हासनगर झाले. काही कुटुंबे पुढे तालुक्याच्या गावी गेली. भाषा परकी, भांडवल नाही, धान्याची टंचाई. तरीही थोड्या नफ्यावर माल विकत त्यांनी किराणा दुकाने उभी केली.

‘रिकाम्या हाताने आला आणि दुकान उभे केले’ असे आपण कौतुकाने म्हणतो. या वाक्याचा कर्ता मात्र नेहमी पुरुषच! बराकीत पापड लाटून पहिले चार पैसे जमवणारे हात कुणाचे होते? धान्य निवडायचे, पुड्या बांधायच्या, मालक जेवायला गेले की गल्ल्यावर बसायचे, कुणाची किती उधारी ते ध्यानात ठेवायचे. हे सारे करणाऱ्या बायकांना मी कामाच्या निमित्ताने भेटते. काय करता, असे विचारले की उत्तर येते, ‘मी घरीच असते.’ हे सिंधी घरांपुरतेच नाही. मराठी, मारवाडी, गुजराती, कोणत्याही दुकानाच्या मागल्या दाराने आत गेलात तरी हेच दिसेल.

इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९८८ च्या ‘श्रमशक्ती’ अहवालात बाईच्या या न मोजलेल्या श्रमांकडे लक्ष वेधले. सरकारी पाहणीत तिची नोंद आजही घरच्या उद्योगातली बिनपगारी ‘मदतनीस’ अशीच होते. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क मिळाला. पण जिने दुकान उभे केले त्या बायकोचे काय? नवऱ्याने घराबाहेर काढले तर तिने पोटगी मागायची. दुकानातला वाटा नव्हे. शेजारच्या गोव्यात नागरी कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर, पती-पत्नींची मालमत्ता सामायिक, निम्मी-निम्मी असते. तो कायदा निर्दोष नाही. पण असा हक्क देणे अशक्य नाही, एवढे तरी त्यावरून दिसते.

विवाहानंतरच्या मिळकतीत बायकोला समान वाटा देणारा कायदा ही आपली जुनी मागणी आहे. ती रेटत राहूच. तोवर येत्या बैठकीत एवढे विचारा: दुकानाचा परवाना कुणाच्या नावे? भाडेकरार, बँकेचे खाते? भागीदारीच्या कागदावर बायकोची सही आहे का? असली, तर तिला तिचा हिस्सा ठाऊक आहे का?

तुमच्या गटात काय उत्तरे मिळाली, ते आम्हाला जरूर कळवा.