पुळणीची परतफेड

पावसाळा सरला की कोकणच्या किनाऱ्यांवर पुळण परतू लागते. पावसाळ्यातल्या उंच लाटा काठावरची वाळू ओढून थोडी आत नेऊन ठेवतात. समुद्र निवला की संथ लाटा तीच वाळू पुन्हा काठाला आणून घालतात. रापणीचे जाळे ओढणाऱ्यांचे पाय याच वाळूत रोवलेले असतात. समुद्र नेलेले परत करतो, हा तिथल्या माणसांचा पिढ्यानपिढ्यांचा अनुभव.

पुदुच्चेरीत मात्र ही परतफेड थांबली. तिथे वाळू काठाकाठाने मुख्यतः दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. १९८०च्या दशकात बंदरासाठी लाटा अडवणाऱ्या भिंती समुद्रात घातल्या आणि तिची वाट अडली. भिंतीच्या दक्षिणेला वाळू साचत गेली, बंदराचे तोंड बुजू लागले आणि उत्तरेला, ऐन शहरासमोर, किनाराच उरला नाही. शहर वाचवायला दगडांची रास टाकली, तर धूप पुढच्या कोळीवाड्यांकडे सरकली. किनाऱ्यावरच्या गांधीजींच्या पुतळ्यासमोर एक पिढी पुळण न पाहताच मोठी झाली.

२०१८ साली चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने तिथे पाण्याखाली पाचरीच्या आकाराचा पोलादी अडथळा बसवला. जोडीला बंदराच्या तोंडातून उपसलेली वाळू किनाऱ्याला देण्यात आली. पुतळ्यासमोर पुन्हा पुळण धरली. ऑस्ट्रेलियात ट्वीड नदीच्या मुखाशीही १९६०च्या दशकात भिंती लांबवल्या आणि गोल्ड कोस्टचे किनारे उपाशी राहिले. २००१पासून तिथे सुमारे ५ लाख घनमीटर वाळू दरवर्षी पंपाने नदीपलीकडे पोचवली जाते. दरवर्षी, हे महत्त्वाचे! भिंत उभी आहे तोवर हे देणे फिटत नाही.

आपल्याकडे किनारा खचला की धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी होते आणि दगड येतात. दगडांमागची जमीन राहते, पुढची पुळण जाते; मग होडी ओढायची कुठे आणि कासवाने अंडी घालायची कुठे? उपसलेले सगळेच किनाऱ्याला चालते असेही नाही. खाड्यांमधून पुष्कळदा चिखलच निघतो, बंदरातल्या गाळात तेल आणि धातू मुरलेले असतात. कण मूळ वाळूच्या जाडीचे हवेत, आणि कासवांच्या विणीचा हंगाम टाळायला हवा. पण तपासणीत स्वच्छ ठरलेली वाळू खोल समुद्रात नेऊन टाकणे आम्हाला अन्याय वाटतो. ती बंदराची नाही, पुढच्या गावाची आहे.

किनाऱ्यावरच्या वाचकांना म्हणूनच एक विनंती. तुमच्या बंदरात ड्रेजर आला, की उपसलेली वाळू कुठे जाणार हे ग्रामसभेत विचारा, आणि उत्तर लेखी मागा.