पाळीचा प्रश्न मागणीपत्रकात का नाही?

पाळी हा शब्द आपल्या चळवळीला नवा नाही. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी यांचे तास किती असावेत यासाठी गिरणी कामगारांनी लाठ्या खाल्ल्या, उपासमार सोसली, आणि त्या इतिहासाचा आपण रास्त अभिमान बाळगतो. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ सभेत उच्चारला गेला की मात्र आपले साथी खाली मान घालतात. आपल्या आरोग्यविषयक मागण्यांत शुद्ध पाणी आहे, डॉक्टरांच्या रिक्त जागा आहेत, सर्पदंशावरचे इंजेक्शन आहे. ज्या मुलीला तीन-तीन, चार-चार महिने पाळी येत नाही, तिच्यासाठी एक ओळही नाही.

हा विषय काढला की ठरलेले उत्तर मिळते: हा खात्यापित्या घरांतील मुलींचा आजार, कष्टकऱ्यांना याच्याशी काय कर्तव्य? उत्तर सोयीचे आहे, पण खरे नाही. पीसीओएस या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या या विकाराचे वर्णन शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी 1935 सालीच केले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जननक्षम वयातील दर दहा स्त्रियांमागे सुमारे एकीला तो असतो आणि त्यांपैकी बहुसंख्य स्त्रियांना तो असल्याचे ठाऊकही नसते. मुंबईतील 15 ते 24 वयाच्या मुलींची पाहणी 2014 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात एका निकषाने 22.5 टक्के, तर दुसऱ्या, अधिक कडक निकषाने 10.7 टक्के मुलींत तो आढळला. मुली त्याच, मोजपट्टी बदलली की आकडा निम्म्यावर येतो. बाजाराला मोठा आकडा प्रिय असतो आणि शासनाला आकडाच नको असतो. आपण धाकटा आकडा धरला तरी तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

विकाराचे स्वरूप प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घ्यावे असे आहे. अंडाशयात दर महिन्याला बीज पिकून बाहेर पडण्याची क्रिया येथे रखडते. शरीरातील पुरुषी संप्रेरकांचे प्रमाण वाढते, पुष्कळ जणींत इन्शुलिनचे कार्यही बिघडते. चेहऱ्यावर केस येतात, मुरूम उठतात, पाळी लांबते किंवा चुकते. सोनोग्राफीत ज्या "गाठी" दिसल्याचे सांगून आईबापांना घाबरवले जाते, त्या गाठी नसतातच. अर्धवट वाढून थांबलेल्या त्या बीजपुटिका असतात. खरा धोका निराळा आहे. बीज सुटत नाही म्हणून गर्भाशयाच्या अस्तराला आवर घालणारे संप्रेरक तयार होत नाही, अस्तर जाड होत राहते, आणि मग एकदा पाळी आली की ती पंधरा-पंधरा दिवस थांबत नाही. आधीच रक्तक्षय असलेल्या शरीराला हे झेपत नाही. वर्षानुवर्षे असेच चालले तर अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. मधुमेहाचा तर वाढतोच. म्हणून वयात येऊन वर्ष उलटल्यावर नव्वद दिवसांत पाळी आली नाही, तर मुलीला तपासलेच पाहिजे. "लग्न करा, मूल झाले की सारे सुरळीत होईल", हा सल्ला औषध नव्हे. ती जबाबदारी झटकण्याची जुनी रीत आहे.

गेल्या काही वर्षांत मासिक पाळीविषयी बोलले गेले, हे मान्य केले पाहिजे. सॅनिटरी नॅपकिनवरील कर 2018 साली रद्द झाला. त्याच वर्षी महाराष्ट्रात जिल्हा परिषद शाळांतील मुलींना पाच रुपयांत आठ नॅपकिन देणारी अस्मिता योजना आली. बिहारने तर 1992 सालीच सरकारी नोकरीतील स्त्रियांना महिन्याला दोन दिवसांची रजा दिली होती. या साऱ्याचे स्वागतच आहे. परंतु नॅपकिन काय किंवा रजा काय, दोन्ही आलेल्या पाळीसाठी आहेत. न आलेल्या पाळीची वाच्यता कोणी केली नाही. ती चुकली की घरात आणि दवाखान्यात एकच प्रश्न विचारला जातो, "दिवस राहिले का?", आणि त्याचे उत्तर "नाही" असे आले की समाजाची उत्सुकता तेथेच संपते.

शासनाचीही तेथेच संपते, हा माझा मुख्य आक्षेप आहे. या विकारात पाळी नियमित करण्यासाठी ज्या मिश्र संप्रेरक गोळ्या प्रथम दिल्या जातात, त्यांपैकी एक गोळी आपल्या आरोग्य केंद्राच्या कपाटात पडून आहे. तिचे नाव माला-एन. ती तेथे फुकट मिळते. आशाताई घरपोच देतात तेव्हा पाकिटामागे एक रुपया घेतात. पाकिटात 21 गोळ्या संप्रेरकांच्या आणि सात लोहाच्या असतात. 2023 सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना या विकारासाठी अमुकच महाग गोळी हवी असे म्हणत नाहीत. इस्ट्रोजेनची मात्रा कमीत कमी असावी, 20 ते 30 मायक्रोग्रॅम, एवढेच सांगतात. माला-एनमध्ये ती 30 आहे. तरीही खाजगी दवाखान्यांतून मुलींच्या हाती शेकडो रुपयांच्या पाकिटांची चिठ्ठी पडते. कारण माला-एन कुटुंबनियोजनाच्या खात्यात जमा आहे, आणि ते खाते जननक्षम जोडप्यांची नोंदवही समोर ठेवून चालते. अविवाहित मुलगी त्या वहीत नाही. तिने ही गोळी मागितली तर दुसऱ्या दिवशी वाडीभर तिची चर्चा होईल. शासनाने स्त्रीच्या गर्भाशयाकडे लोकसंख्येचा हिशेब म्हणून पाहिले. ती स्वतः आजारी असू शकते हे त्या हिशेबात बसले नाही.

ही गोळी सर्वांना चालते असेही नाही. रक्तदाब जास्त असेल, रक्ताच्या गुठळ्यांचा किंवा डोळ्यांपुढे काजवे चमकून उठणाऱ्या अर्धशिशीचा त्रास असेल, तर ती देऊ नये. तेव्हा दुसरी स्वस्त औषधे आहेत. मधुमेहींना दिली जाणारी मेटफॉर्मिन पुष्कळ जणींना उपयोगी पडते. पाळी अनियमित असून संप्रेरकवाढीची लक्षणे स्पष्ट दिसत असतील, तर निदानासाठी सोनोग्राफीचीही गरज नसते. गर्भधारणेची चाचणी, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, साखर, हिमोग्लोबिन, रक्तदाब, एवढ्यावर बरेच काम भागते. (दिवसभर पोळीभाजी केंद्रात उभ्या असणाऱ्या बाईला "रोज तासभर फिरत जा" एवढेच सांगून परत पाठवणाऱ्या डॉक्टरांविषयी पुन्हा कधीतरी लिहीन.)

स्वस्त उपचार हाताशी नसले म्हणजे काय होते, हे बीडने दाखवले आहे. 2019 साली शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्या साऱ्यांना हाच विकार होता असे मी म्हणत नाही. अंगावरून जाणे, पोटदुखी, जंतुसंसर्ग अशी अनेक कारणे होती. पण उचल घेतलेल्या कोयत्याला एका दिवसाचा खाडा परवडत नाही, मुकादम दंड कापतो, आणि गावच्या आरोग्य केंद्रात पाळीच्या तक्रारीवर उपचार होतात हे कुणी सांगितलेले नसते. अशा वेळी खाजगी दवाखान्याची सुरी हाच एक "उपाय" उरतो. तेव्हा आपण मोर्चे काढले, निवेदने दिली. शस्त्रक्रियेच्या आधीची दहा वर्षे त्या स्त्रिया काय सोसत होत्या, हे आपणही विचारले नव्हते.

"असले खाजगी विषय पक्षाने हाताळू नयेत," असे म्हणणाऱ्यांना र. धों. कर्वे यांची आठवण करून द्यावीशी वाटते. "समाजस्वास्थ्य" मासिकात वाचकांच्या अशाच खाजगी प्रश्नांना त्यांनी शास्त्रीय उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. 1934 साली त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, पण हा विषय कोर्टात उभे राहण्याइतका सार्वजनिक आहे, हे बाबासाहेबांना पटले होते.

तेव्हा मागणी नेमकी असावी. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस, ठरलेल्या वेळी, पाळीच्या तक्रारींची तपासणी व्हावी आणि तेथे विवाहित की अविवाहित हे विचारले जाऊ नये. संप्रेरकांच्या गोळ्या कुटुंबनियोजनाच्या साठ्यातून नव्हे, सर्वसाधारण औषधसाठ्यातून, औषध म्हणून मिळाव्यात. आशाताईंना या विकाराचे प्रशिक्षण द्यावे आणि त्या कामाचा मोबदलाही द्यावा. नाहीतर आणखी एक वही तेवढी त्यांच्या पिशवीत पडेल. ऊसतोडीला जाण्यापूर्वी टोळीतील प्रत्येक स्त्रीची तपासणी कारखान्याच्या खर्चाने व्हावी.

तालुका शाखांनी हे निवेदन जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे नेण्यापूर्वी सह्यांसाठी शाखेत फिरवावे. आणि ते महिला आघाडीकडे परस्पर पाठवून मोकळे न होता प्रथम पुरुष साथींपुढे ठेवावे.