चळवळीचे दप्तर कोणी जपायचे?

१९५४ साली भंडारा लोकसभा मतदारसंघात झालेली पोटनिवडणूक विसरण्याजोगी नाही. दोन जागांच्या या मतदारसंघात राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर पराभूत झाले, तर सर्वसाधारण जागेवर प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडाऱ्यातच होता, आणि भंडारा जुन्या मध्य प्रदेशात. निकालाचे आकडे सरकारी दप्तरात मिळतील. परंतु सभा कोणी भरवल्या, वर्गणी कोणी दिली, शेतमजुराच्या मनात काय होते, हे सांगू शकतील ती त्या काळातील कार्यकर्त्यांची खाजगी पत्रेच. ती पत्रे आज कोठे आहेत?

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरे मिळवली, १८९८पासून ती छापली. १९२६ साली त्यांचे निधन झाल्यावर त्यांच्या नावाने धुळ्यात संशोधन मंडळ उभे राहिले. हे कार्य थोर खरे. पण वाड्यांच्या माळ्यांवर जे सापडले ते मुख्यतः सरदार, इनामदार आणि कारकून यांचे होते. ज्यांच्या घराला माळाच नव्हता, त्यांचे दप्तर कोणी मागितले नाही.

खुद्द बाबासाहेबांच्या हस्तलिखितांची कथा याहून बोलकी आहे. १९५६ साली त्यांच्या निधनानंतर ती न्यायालयाच्या ताब्यात बंद राहिली. महाराष्ट्र शासनाने प्रकाशनासाठी समिती नेमली ती १९७६ साली. वसंत मून यांच्या संपादनाखाली पहिला खंड निघाला तो १९७९ साली. तोवर काही प्रकरणांची पाने गहाळ झाली होती. राज्यघटनेच्या शिल्पकाराच्या कागदांची ही अवस्था, तर तिरोड्याच्या विडी कामगाराच्या वा अर्जुनी मोरगावच्या शेतमजूर पुढाऱ्याच्या पत्रांची काय कथा?

१९५६ साली हा मुलूख मुंबई राज्यात आला, १९६०मध्ये महाराष्ट्रात; १ मे १९९९ रोजी गोंदिया स्वतंत्र जिल्हा झाला. दरवेळी दप्तरे फुटली आणि विखुरली. पोलिसांचे अहवाल मात्र कोठेतरी टिकतात. म्हणजे उद्याचा संशोधक संपाची हकीकत संप मोडणाऱ्यांच्या लेखणीतून वाचणार! हा प्रश्न केवळ स्मृतीचा नाही, सत्तेचा आहे.

म्हणून जिल्ह्यातील एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयात वा महाविद्यालयात चळवळीच्या कागदपत्रांसाठी एक कोरडी, हवेशीर खोली मिळवणे आवश्यक आहे. शासनाकडे तिची मागणी करावी. परंतु शासन जागे होईपर्यंत वाळवी थांबणार नाही. कार्यकर्त्यांनी जुन्या सहकाऱ्यांच्या घरी जावे, पत्र्याच्या पेटीतील गठ्ठा आहे त्याच क्रमाने ठेवावा, टाचण्या काढाव्यात, पत्र कोणी कोणास केव्हा लिहिले याची नोंद करावी. कुटुंबाची संमती घ्यावी. घरगुती मजकूर काही वर्षे बंद ठेवण्याची त्यांची इच्छा असल्यास ती पाळावी. कागदांवर मालकी कुटुंबाची असली, तरी त्यांतील लढा सर्वांचा आहे.

पोस्टकार्डाचा जमाना संपला. नवी पत्रे येणार नाहीत. जी उरली आहेत, ती येत्या पावसाळ्यापूर्वी वाचवली पाहिजेत. ज्या चळवळीजवळ स्वतःचे दप्तर नसते, तिचा इतिहास तिचे विरोधक लिहितात.