निअँडरथलांचा वानोळा

कोविडच्या लाटेत एकाच घरातला एक जण चार दिवसांत अंगणात फिरू लागला आणि दुसरा थेट व्हेंटिलेटरवर गेला, हे आपण पाहिलं. नशीब म्हणून गप्प बसलो. ह्यूगो झेबर्ग आणि स्वांते पाबो हे संशोधक बसले नाहीत. २०२० मध्ये त्यांनी दाखवलं, की तिसऱ्या गुणसूत्रावरचा सुमारे ५० हजार डीएनए-अक्षरांचा एक तुकडा हा आजार बळावण्याचा धोका वाढवतो, आणि तो आला निअँडरथल मानवाकडून. क्रोएशियातल्या विंदिया गुहेतल्या त्याच्या प्राचीन हाडांतही तो जवळपास जसाच्या तसा आहे. सुमारे ६० हजार वर्षांपूर्वीच्या सोयरिकीतला हा वानोळा दक्षिण आशियात निम्म्या लोकांकडे, युरोपात १६ टक्क्यांकडे. आफ्रिकेत जवळपास नाहीच.

म्हणून 'आपलं रक्तच तसं' असं म्हणून कुणी मोकळं होऊ नये. धोका ठरवण्यात वयाचा वाटा याहून कितीतरी मोठा. आणि ऑक्सिजन सिलिंडरसाठीच्या रात्र रात्र रांगा काही गुणसूत्रांनी लावल्या नव्हत्या. सत्तेवरच्यांना मात्र ही सबब सोयीची!

गंमत पुढेच आहे. झेबर्ग यांनी २०२२ मध्ये दाखवलं, की हाच तुकडा एचआयव्हीची लागण होण्याचा धोका २७ टक्क्यांनी कमी करतो. एचआयव्ही ज्या दारांतून पेशीत शिरतो, ती सीसीआर५ नावाची दारं या मंडळींच्या पांढऱ्या पेशींवर कमी असतात. पण एचआयव्ही तर कालपरवाचा. मग हा तुकडा आपल्याकडे इतका फोफावला कसा? एखाद्या जुन्या साथीत तो तारक ठरला असावा. संशयित म्हणून पटकी आणि देवी यांची नावं घेतली जातात.